तब्येत उतरली

आपल्या मराठीत ‘तब्येत’ हा शब्द कुणी आणला ठाऊक नाही, पण ज्याने आणला त्याने नीट विचार केलेला नव्हता. माणूस जाड झाला की आपण म्हणतो, तब्येत सुधारली. बारीक झाला की म्हणतो, तब्येत उतरली. म्हणजे बाई गरगरीत झाली की ती सुधारली, आणि वजन आटोक्यात आणलं की बिघडली. मी आयुष्यातली काही वर्षं उंदरांची तब्येत आधी सुधारण्यात आणि मग उतरवण्यात घालवली, त्यामुळे या शब्दावर माझा खास राग आहे. एकदा त्याने मला असं फसवलं की ते अजून विसरता येत नाही.

मी रत्नागिरीत फार्मसी कॉलेजात शिकवते. शिकवता शिकवता चाळिशी उलटली आणि मग पीएच.डी.ची अट गळ्यात आली. विषय घेतला तो असा: चरबीचं खाणं घालून लठ्ठ केलेले उंदीर आणि त्यांच्यावर रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, सालीच्या अर्काचा होणारा परिणाम. नातेवाइकांची हसून हसून पुरेवाट झाली. उंदीर बारीक करायला पगार देतात का, असं विचारून झालं. माझा स्वतःचा घेर बघून एका आत्याने “मग आधी तूच पी की” असंही सुचवलं. डोंगर पोखरून उंदीर निघाला की लोक हसतात. मी तर उंदीरच पोखरायला निघाले होते, त्यातून काय निघणार होतं ते माझं मलाही माहीत नव्हतं.

खरं सांगायचं तर या विषयामागे माझी ताई होती. ताई माझ्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. तेव्हापासून माझ्या वेण्या, माझा अभ्यास, माझी फी, सगळं तिने बघितलं आणि त्या भरात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. अंगणवाडी सेविका म्हणून तिने जन्म काढला. निवृत्त झाल्यावर आरे-वारेच्या रस्त्यावरून आत वळलं की लागतं त्या आमच्या गावात ती एकटीच राहत होती. मी रत्नागिरीत राहायची आणि दर रविवारी तिच्याकडे जायची.

ताईला साखर होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन उतरवा, गोळ्या चुकवू नका, नाहीतर इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू करावी लागतील. इंजेक्शनाच्या नुसत्या नावाने तिच्या अंगावर काटा यायचा. आमच्या बाबांना इंजेक्शन सुरू झालं आणि पुढच्याच पावसाळ्यात त्यांचा पाय कापावा लागला. पाय इंजेक्शनामुळे गेला नाही, ते उशिरा सुरू झालं म्हणून गेला, हे मी तिला कितीदा समजावलं असेल. पण “सुई लागली की पाय जातो” हे तिचं ठाम मत. तिचं वजन उतरावं, साखर खाली यावी आणि ती सुई टळावी, एवढ्याच लोभाने मी रातांब्याला हात घातला. कागदावर अर्थातच तसं लिहिलं नाही.

साली ताईनेच दिल्या. आमच्या परसात रातांब्याची झाडं आहेत. वैशाखात फळं पिकून पडायला लागली की महिनाभर तिचे हात लालच असायचे. फळ फोडायचं, बी काढायची, रस वेगळा करायचा, मग त्याच रसात मीठ घालून साल बुडवायची, उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची. तीच आमची सोलं, ज्यांना बाहेरचे लोक आमसुलं म्हणतात. मला मात्र मीठ न लावलेली साल हवी होती. हे ऐकून ताई माझ्याकडे बघतच राहिली.

“बिनमिठाची? बुरशी येल गो.”

“उंदरांना मीठ नको, ताई.”

“उंदरांना नको, पण सोलांना नको काय?”

तरी तिने कडक उन्हात, वर जुनं पातळ घालून, बिनमिठाची साल वाळवून दिली. वाळताना ती काळी पडली म्हणून चार लोकांना दाखवायची तिला लाज वाटत होती. माझ्या गरजेपुरती मी नेली. उरलेली तिने बरणीत भरून फडताळात ठेवली. त्या बरणीचं पुढे काय झालं हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

प्रयोग सुरू झाला. काही उंदरांना साधं खाणं. काहींना चरबीचं, म्हणजे दळलेल्या खाण्यात वनस्पती तूप आणि खोबरेल कालवलेलं. आणि काहींना तेच चरबीचं खाणं देऊन वर रोज अर्क. तो गोल टोकाच्या सुईने घशातून थेट पोटात सोडायचा, कारण एवढं आंबट पाणी उंदीर आपण होऊन पीत नाही. चरबीवाल्यांना तशाच सुईने नुसतं पाणी. पिंजऱ्यांच्या खोलीला खोबरेलाचा असा वास सुटायचा की मला दुपारी भलत्या वेळी भूक लागायची. त्या काळात माझी स्वतःची तब्येत चांगलीच सुधारली.

दर सोमवारी उंदरांची वजनं व्हायची. ताईला याचं फार नवल वाटायचं. तिने सारा जन्म अंगणवाडीतली पोरं झोळीच्या काट्याला लटकवून तोलली, आणि पोर जरा वाढलेलं दिसलं की तिचा तो दिवस सोन्याचा.

“माज्या पोरांचा वजन वाढावा म्हणून मी मरायची, तुज्या उंदरांचा घटावा म्हणून तू मरतेस,” ती म्हणायची. “एकाच आयशीच्या पोटच्या ना गो आपण?”

पिंजऱ्यांची झाडलोट आणि देखभाल कॉलेजातले एक काका करायचे. गणपतीत ते गावी जाणार, मुलं जाणार, प्राध्यापक जाणार, आख्खं कॉलेज ओस पडणार. आम्ही बौद्ध, आमच्याकडे गणपती नाही, तेव्हा त्या दिवसांत उंदीर माझ्याकडे हे कुणी न विचारताच ठरलेलं होतं. निघताना काका गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “म्याडम, वाहनाकडं लक्ष असू द्या.” परत आले ते दोन मोदक घेऊन, एक मला आणि एक उंदरांना. मी भडकले. प्रयोगातल्या उंदराला बाहेरचा कणसुद्धा चालत नाही, हे त्यांना किती वेळा सांगायचं? काकांचं तोंड एवढंसं झालं. मग दोन्ही मोदक मीच खाल्ले. तरी दुसऱ्या दिवशी एका पिंजऱ्याच्या भुशात मला खोबऱ्याचा कीस दिसल्यासारखा वाटला. तो खरंच होता की माझा संशय, ते आजतागायत ठरत नाही. पुढे आकडे जुळेनासे झाले तेव्हा दर वेळी मला तो कीस आठवायचा.

त्यानंतरच्या एका रविवारी मी ताईकडे असताना काकांचा फोन आला. “म्याडम, अर्कवाल्यांची तब्बेत उतरली.”

मी आनंदाने ओरडलेच. “अहो, छानच झालं की! किती उतरली?”

पलीकडून काका हळूच म्हणाले, “छान कसला म्याडम? सगळे मरगळलेत. एक तर पडूनच हाय, केस फुलवून.”

मी रत्नागिरीला पोचेपर्यंत तो मेला होता. बाकीचे दोन दिवसांत सावरले. का मरगळले आणि कसे सावरले, दोन्ही कळलं नाही. मी आतून चरफडत होते आणि ताईला मात्र त्या फोनची अशी मजा वाटली की आठवून आठवून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. “तुजा उंदीर मेला आणि तू म्हणलीस छान!” मीही हसायची. बोलून चालून शब्दाचा घोळ. पुन्हा असं होणार नाही असं मला वाटत होतं.

मग आकडे मांडायला बसले आणि डोकं चालेनासं झालं. अर्क घेतलेले उंदीर चरबीवाल्यांपेक्षा बारीक होते, यात शंका नव्हती. पण ते खातही कमी होते. मग ते अर्काने बारीक झाले की कमी खाल्ल्याने? आणि कमी का खात होते? अर्काने भूक मंदावली, की माझा अर्क पोटात ढवळत होता? रोज नरड्यात सुई गेल्यावर कुणाचीही अन्नावरची वासना उडेल म्हणावं, तर पाणी घेणाऱ्यांनाही तीच सुई होती आणि ते मजेत चरत होते. बरं, बारीक झाले तर साखर खाली यायला हवी. काहींची आली. काहींची जागची हलली नाही. आणि एकाची, जो सगळ्यांत बारीक होता त्याची, सगळ्यांत वर. त्याचा भुसा सारखा ओला असायचा. काका कुरकुरायचे, “ह्याचा भुसा बदलून बदलून कंटाळलो म्याडम. पाणी पितो नि मुततो, दुसरा धंदा नाय.”

तो भुसा का ओला होतो, एवढं मात्र मला पक्कं माहीत होतं. साखर रक्तात मावेनाशी झाली की ती लघवीवाटे बाहेर पडते, जाताना पाणी ओढून नेते, आणि अंग आतून झिजत जातं. तो उंदीर बारीक होत नव्हता, झिजत होता. काट्यावर दोन्ही सारखंच दिसतं.

माझ्या मार्गदर्शक सरांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “वजन उतरलंय ना? मग लिहून टाका की.”

“पण सर, साखर?”

“साखरेचं पुढच्या पेपरात बघू.”

वजन एका पेपरात आणि साखर दुसऱ्या पेपरात. उंदीर मात्र एकच, हे मी त्यांना म्हटलं नाही, पण एसटीत बसल्यावर स्वतःशी बराच वेळ म्हणत होते. माझा अर्क चांगला की वाईट? मला पास व्हायचं होतं की खरं काय ते कळून घ्यायचं होतं? तेही नीट सांगता आलं नसतं.

दिवाळी तोंडावर आली होती आणि ऊन मी म्हणत होतं. मी गावच्या फाट्यावर उतरले. तिथे एक चाची टोपली घेऊन बसते, आमच्या घरी वर्षानुवर्षं तिचीच मासळी येते. मला बघून ती म्हणाली, “भयनीची तब्बेत उतरली गो तुज्या.”

आणि मी, काकांच्या फोनवर एवढी फजिती करून घेतलेली मी, फुलून म्हणाले, “हो ना! तुम्हालाही जाणवलं ना?”

चाची माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत राहिली. मग तिने बांगडे पिशवीत घातले.

जाणवलं तर मलाही होतं. ताईचे ब्लाउज सैल झाले होते, गाल आत गेले होते. “भात कमी केलाय,” असं ती सांगायची आणि मी दर रविवारी तिला समोर उभी करून कौतुकाने बघायची. उंदरांचा घोळ असू दे, निदान घरात तरी एकीचं वजन उतरतंय, या समाधानात मी होते. हे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा झालं.

त्या दिवशी बांगडे साफ करता करता मी बघितलं, ताईच्या खाटेजवळ पाण्याची भरलेली कळशी होती. माझे मासे होईपर्यंत ती दोनदा तांब्याभर पाणी प्यायली आणि दोनदा मागच्या दाराने जाऊन आली. “उकाडा किती हाय गो,” म्हणाली. पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिंधी बांधलेली होती. “चप्पल चावली. बरीच होत नाय मेली.” ती पुन्हा पाणी घ्यायला वाकली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “भुसा ओला.”

“कसला भुसा?”

“ताई, गोळ्या घेतेस ना?”

ती जराही शरमली नाही. उठली, फडताळ उघडलं आणि बिनमिठाच्या सालीची ती बरणी माझ्यापुढे ठेवली. तळाला थोडीच उरली होती. श्रावण लागल्यापासून ती रोज सकाळी अनशापोटी सालीचा काढा पीत होती, आणि गोळ्या केव्हाच बंद केल्या होत्या.

माझा तोल सुटला. “पी हळद नि हो गोरी! तुला सांगितलं कुणी हे?”

“तू.”

“मी? कधी?”

“तूच म्हणलीस ना, उंदीर बारीक झाले म्हणून?”

मी कपाळाला हात लावला. तिला ओरडावं, की स्वतःला, की त्या मेल्या उंदरांना, काही कळेना. ताई शांतपणे बरणीचं झाकण लावत होती. “तू येवढा शिकलीस,” ती म्हणाली. “माज्यासाठी औषध काढतेस, मना काय कळत नाय? आणि मी दुसऱ्या कुणाची गोळी खाऊ? भयनीचा औषध भयनच घेत नाय म्हणल्यावर लोक तरी कशाला घेतील?”

मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिला घट्ट धरून रडावंसंही वाटत होतं. दोन्हींतलं एकही केलं नाही. पिशवीत साखर तपासायचं यंत्र होतं. माणसांचंच यंत्र, दुकानातून आणलेलं, पण आजवर मी त्यावर फक्त उंदरांच्या शेपटीचं रक्त तपासलं होतं. नवी टोचणी काढली आणि ताईच्या बोटाला टोचली. तिने डोळे गच्च मिटून घेतले.

आकडा आलाच नाही. साखर यंत्राच्या मोजण्यापलीकडे गेली की ते आकडा दाखवायचं सोडून ‘हाय’ अशी दोन इंग्रजी अक्षरं दाखवतं. ताईने डोळे किलकिले करून वाकून वाचलं. “हाय,” म्हणाली. मग माझ्याकडे बघून, “हाय ता म्हायती हाय गो. किती हाय ता सांग की.”

मी हसले आणि तशीच रडायला लागले. तेव्हा कुठे ती घाबरली.

रिक्षा करून तिला रत्नागिरीला आणलं. डॉक्टरांनी तिला दाखल करून घेतलं, इन्सुलिन सुरू केलं, आणि चिंधी सोडून पायाकडे बराच वेळ बघत राहिले. बोट वाचेल की नाही हे आत्ता सांगता येत नाही, असं ते मला बाहेर बोलावून म्हणाले. ताईने मला एकदाही विचारलं नाही. ती बाबांच्या पायाचा विचार करत होती हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला. जखमेचा रंग हळूहळू पालटला. बोट राहिलं.

घरी सोडल्यावर मी तिला माझ्याकडेच ठेवून घेतलं. आता सुई रोजची होती आणि ती मी द्यायची. रोज जेवणाआधी आमचं भांडण जुंपायचं. “आज ऱ्हावं दे,” “उद्या घेईन,” “बाबांचा काय झाला ता इसरलीस काय?” एक दिवस तर ती न्हाणीघरात कडी लावून बसली. एवढे उंदीर मी मुकाट्याने टोचले होते, पण ही बाई मला आवरेना. ती अशीच हट्ट करत राहिली तर वाचलेलं बोट पुन्हा जाईल आणि मग पायही जाईल, ही धास्ती माझ्या मनातून हलत नव्हती.

एका संध्याकाळी मी प्रबंधाची पानं पसरून बसले होते आणि नेहमीसारखं काही ठरत नव्हतं. ताई समोर बसून बघत होती.

“माजा काय लिवलास त्याच्यात?”

“तुझं काही नाही.”

“का? लिव की. माज्यावर तुजा अर्क चालला नाय, असा लिव.”

“तसं लिहिता येत नाही. गोळ्या चालू ठेवून घेतला असतास तर कदाचित...”

“म्हणजे चालतो?”

“माहीत नाही.”

“मग चालत नाय?”

“तेही माहीत नाही.”

“मग येवढी वर्षा केलास काय?”

प्रश्न बरोबर होता. मी पानं गोळा केली. “ताई, एकावरून काही ठरत नसतं. म्हणून उंदीर पुष्कळ घ्यावे लागतात. एक मेला तर त्याच्या जागी बाकीचे असतात, हिशोब पुढे चालतो. तुझ्या जागी मी कुणाला घेऊ? तू एकच आहेस.”

हे मी विज्ञान म्हणून सांगायला गेले होते. पण मी काय बोलून बसले ते दोघींनाही एकदमच कळलं.

ताईने पोटावरचा पदर बाजूला केला, डोळे गच्च मिटले आणि म्हणाली, “टोच.”